पहिल्या स्की रेसची तयारी मुलांकडून कशी करून घ्याल

दहावीच्या परीक्षेला केंद्राच्या फाटकाबाहेर शहाळं आणि ग्लुकोज घेऊन उभे असलेले आईबाप आठवतात ना? अमेरिकेतल्या मिनेसोटात जानेवारीतल्या शनिवारी सकाळी साडेसातला स्की टेकडीच्या पायथ्याशी तोच घोळका भेटतो. शहाळ्याऐवजी थर्मास, एवढाच फरक. कुणी मुलाच्या बुटाचे बकल ओढतंय, कुणी पोरीच्या स्कीज खांद्यावर टाकून धावतंय, कुणाला एकच हातमोजा सापडलाय. पोरं मात्र निवांत. आई बघेल, बाबा आणेल.

दोन हिवाळे मीही त्यातलीच. लेकीची बॅग मी भरायचे, स्कीज मी घासायचे, छातीवरचा बिब, म्हणजे नंबराचं कापड, मी बांधायचे. मग एका स्लॅलमच्या, म्हणजे वळणावळणाच्या रेसच्या, सकाळी, उणे १८ अंशांत, तिने बॅग उपसली आणि म्हणाली, “आई, तू नडगीचे गार्ड ठेवलेच नाहीस.” स्लॅलममध्ये गेटचा, म्हणजे वाट आखायला रोवलेला, दांडा नडगीने आडवा करत जायचं असतं, आणि अकरा वर्षांच्या पोरीचे गार्ड घरी गॅरेजमध्ये. चूक माझीच, वादच नाही. पण परतताना गाडीत टोचत राहिला तो तिच्या वाक्यातला ‘तू’. रेस तिची आणि तयारी माझी, हे गणितच चुकलं होतं.

हे लिहितेय ते अशा घरांसाठी, जिथे मुलाने मित्राच्या नादाने क्लबच्या रेस टीममध्ये नाव घातलंय आणि आईबापांना स्कीइंगचा गंध नाही. मी नाशिकची, बर्फाशी ओळख उसाच्या रसापुरती. पहिल्यांदा स्कीज पायात घातल्या त्या अडतिसाव्या वर्षी. मी कोच नाही. पण सहा वर्षं गेट जज, म्हणजे कुणाचं गेट चुकलं ते टिपणारी पंच, म्हणून उतारावर उभी राहते, आणि कुठलं पोर तयारीने आलंय आणि कुठल्याला नुसतं आणून सोडलंय, ते तिथून लगेच कळतं.

खेळ थोडक्यात

मुलांच्या रेस मुख्यतः दोन प्रकारच्या: स्लॅलम आणि जायंट स्लॅलम, म्हणजे सगळे म्हणतात तो ‘जीएस’. स्लॅलममध्ये गेटं जवळजवळ, वळणं आखूड. जीएसमध्ये गेटं लांब लांब, वळणं मोठी आणि वेग जास्त. लाल आणि निळी गेटं आलटून पालटून येतात. दोन रन, म्हणजे वरून खालपर्यंतच्या फेऱ्या, होतात, दोन्हींच्या वेळेची बेरीज होते. पहिल्या रनमध्ये वाऱ्यासारखं गेलेलं पोर दुसऱ्यात एक गेट चुकलं, तर निकालाच्या यादीत त्याचा नंबरच नसतो. वयोगट यू१०, यू१२, यू१४ असे असतात (यू म्हणजे ‘अंडर’, त्या वयाच्या आतले) आणि वय ३१ डिसेंबरला धरतात. सुपर-जी आणि डाउनहिल हे आणखी वेगाचे प्रकार पुढच्या गोष्टी, आत्ता डोक्याला ताप नको.

टेकडी छोटी आहे म्हणून नाक मुरडू नका. मिनिआपोलिसच्या दक्षिणेला बर्न्सव्हिलमध्ये बक हिल म्हणून टेकडी आहे, जेमतेम तीनेकशे फूट उंचीची. पर्वती चढून आलेल्या माणसाला तिचं काही वाटू नये. अमेरिकेची ऑलिम्पिक विजेती स्कीअर लिंडसे वॉन याच टेकडीवर रेसिंग शिकली.

दोन दिवस आधी: गॅरेज

स्कीज तयार करायच्या त्या दोन दिवस आधी. आदल्या रात्री अकराला घाईघाईत केलेलं काम दुसऱ्या दिवशी उतारावर दिसतं.

दहा वर्षांपुढच्या मुलाला हे काम शिकवता येतं. आधी स्की शिकंज्यात घट्ट बसवायची आणि ब्रेक रबराने मागे बांधायचे. कामाचे हातमोजे घालायलाच लावा. स्कीची धार लावलेली धातूची कड बोट कापते. मग गाइडमध्ये कानस बसवून कडेवरून एकाच दिशेने, टोकाकडून शेपटीकडे न्यायची. कोन किती ते कोचला विचारा. लहान मुलांना बहुधा ८८ अंशांचा गाइड पुरतो. कानस तुम्ही चालवा, त्यानंतरचा डायमंड स्टोन मुलाला चालवू द्या. त्यात फार बिघडण्यासारखं काही नसतं आणि हाताला सवय लागते.

धार लागली की नाही हे बघायची जुनी युक्ती: अंगठ्याच्या नखाची पाठ कडेवर हलकेच आडवी ओढायची. नखाचा पांढरा भुसा निघाला तर धार आहे. नख नुसतंच घसरलं तर पुन्हा. माझी लेक आता दर शुक्रवारी तो भुसा मला मुद्दाम आणून दाखवते. शाळेत नेलपॉलिश लावणाऱ्या मैत्रिणींना हे सांगून चालत नाही म्हणे.

मग वॅक्स. मेणाची वडी इस्त्रीला टेकवून थेंब थेंब स्कीच्या तळव्यावर पाडायचे आणि इस्त्री संथपणे टोकापासून शेपटीपर्यंत फिरवत न्यायची. धूर निघाला म्हणजे इस्त्री जास्त तापली, आणि एका जागी थांबली तर तळवा जळतो. ही इस्त्री वेगळी मिळते, तीच घ्या. कपड्यांच्या इस्त्रीचं तापमान खालीवर होत राहतं. शिवाय आमच्या घरातल्या एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर अजून निळा डाग आहे. मेण लावलं की अर्धा तास तरी निवू द्यायचं, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचं आणि ब्रश मारायचा. “एवढं लावलंत आणि सगळं काढलंत?” असं सासूबाईंनी विचारलं होतं. बरोबरच विचारलं. मेण तळव्यात मुरायला हवं, वर थर राहिला तर स्की अडखळते.

मेणाचे रंग बर्फाच्या तापमानाप्रमाणे असतात: साधारणपणे निळं-हिरवं कडक थंडीचं, लाल मध्यम, पिवळं ओल्या बर्फाचं. वेष्टनावर अंश छापलेले असतात, ते मुलालाच वाचायला सांगा. जुन्या डब्यातून फ्लोरिनचं वॅक्स हाती आलं तर वापरू नका. २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने, म्हणजे एफआयएसने, त्यावर पूर्ण बंदी घातली आहे. आणि माझं मत विचाराल तर या वयात महागड्या वॅक्सवर पैसे घालू नका. आमच्याकडचा बर्फ काचेसारखा कडक असतो, तिथे धारदार कडच कामाला येते.

एक काम मात्र ना मुलाचं, ना तुमचं. बाइंडिंगचं, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचं, सेटिंग दुकानातल्या प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या आणि दर हंगामाला नव्याने. मुलाचं वजन, उंची आणि बुटाचा साइज बदलतो, तसं तेही बदलावं लागतं.

आदल्या रात्री: चटईवरचा माणूस

यादी फ्रिजवर चिकटवून काही होत नाही, मी करून पाहिलंय. आमच्याकडे चाललं ते हे: हॉलमध्ये चटई टाकायची आणि त्यावर मुलाने आपल्या सामानाचा आडवा माणूस मांडायचा. वर हेल्मेट, त्याखाली गॉगल, तोंडात घालायचा माउथगार्ड, गळपट्टा. छातीच्या जागी पाठीचं संरक्षक कवच आणि रेस सूट. दोन बाजूंना दोन हातमोजे, त्यांना लागून दोन पोल. खाली नडगीचे गार्ड, एकच पातळ लांब मोज्यांची जोडी, बूट. माणसाला हात नसेल तर ते लगेच दिसतं. सगळं दिसलं की मगच वरून खाली एकेक वस्तू बॅगेत.

शेवटी स्कीज. स्लॅलमची जोडी आणि जीएसची जोडी बऱ्याचदा एकाच रंगाची असते. कुठली न्यायची ते मुलाने मोठ्याने सांगायचं, हात लावून.

तुम्ही चहा घेऊन बाजूला बसा. बॅगेत हात घालू नका. हेल्मेट, पाठीचं कवच आणि माउथगार्ड या तीन गोष्टी मात्र मी गुपचूप तपासते. तिथे शिकवणी नको. बाकी काही विसरलं तर विसरलं. गळपट्टा राहिला म्हणून एकदा गाल गार पडले, की तो पुन्हा राहत नाही.

बूट रात्री घरात ठेवा, गाडीच्या डिकीत नको. रात्रभर गारठलेलं प्लास्टिक इतकं कडक होतं की सकाळी पाय आत जात नाही आणि पोर रडकुंडीला येतं. आणि बुटात जाड मोजे, दोन मोजे, खाली थर्मलची विजार असलं काही कोंबू नका. रक्त अडलं की पाय उलट जास्त गार पडतात.

खाणं

सकाळी नेहमीचंच. आमच्याकडे पोहे किंवा तूप-मीठ-भात, निघायच्या आधी, म्हणजे रेसच्या दोन-तीन तास आधी. रेसच्या दिवशी नवीन पदार्थाचे प्रयोग नकोत. खिशातल्या खाऊबद्दल अनुभवाचे बोल: एनर्जी बार आणि चिक्की उणे पंधरात दगड होतात. गूळपोळी होत नाही. संक्रांतही त्याच महिन्यात येते, आठ-दहा जास्तीच्या करून ठेवा. थंडीत तहान लागत नाही, म्हणून कोमट पाणी आठवणीने प्यायला सांगावं लागतं.

सकाळी: बिब नंबर आणि घड्याळ

वेळापत्रक आदल्या संध्याकाळी येतं: बिब कधी मिळणार, लिफ्ट कधी सुरू, इन्स्पेक्शन, म्हणजे गेटांची वाट आधी बघून घेणं, किती ते किती, पहिला स्पर्धक कधी सुटणार. हे मुलाला वाचायला लावा आणि एक गणित शिकवा. समजा बिब ४३, आणि साधारण ३० सेकंदांनी एकेक जण सुटतोय. म्हणजे पहिला सुटल्यावर साधारण २१ मिनिटांनी आपला नंबर. पंधरा-वीस नंबर आधी स्टार्टपाशी पोचायचं, तीन-चार नंबर राहिले की जाकीट काढायचं. आमच्या बाईसाहेब पहिल्या वर्षी पन्नास नंबर आधी वर जाऊन सूटमध्ये कुडकुडत उभ्या होत्या. स्टार्टला पाय लाकडासारखे.

इन्स्पेक्शनच्या आधी दोन-तीन मोकळ्या रन हव्यात, नुसतं अंग सैल करायला आणि आज बर्फ कसा लागतोय ते पायाला कळायला. लिफ्टच्या रांगेत पाय झुलवायचे, हात गोल फिरवायचे. नाकाच्या शेंड्यावर किंवा गालावर पांढुरका डाग दिसला, म्हणजे कातडी गोठायला लागली, तर लगेच आत, रेस असो नसो. एकमेकांचे चेहरे बघायला मुलांना सांगून ठेवा. ज्याला डाग पडतो त्याला स्वतःला तो दिसत नाही.

इन्स्पेक्शन

सगळ्यात जास्त वेळ घालवायचा तो इथे, आणि मुलं सगळ्यात कमी लक्ष देतात तेही इथेच.

रेसच्या आधी कोर्स बघायला ठरावीक वेळ मिळतो. स्कीज आडव्या धरून, घसरत, थांबत, गेटांच्या कडेने खाली यायचं. गेटमधून वळणं घेत स्की करत जायचं नाही. त्याला बाद करतात. बिब अंगावर दिसायला हवा. वेळ संपायच्या आत कोर्सवर शिरलेलं असायला हवं, म्हणजे गरम चॉकलेट नंतर.

माझी जागा बहुधा मधल्या टप्प्यात असते, पाच-सहा गेटांपाशी. समोरून पोरांचा लोंढा गप्पा मारत घसरत जातो. त्यातली पाच-सहाच थांबतात, मागे वळून वर बघतात आणि मग खाली बघतात. ती पाच-सहा दुपारी माझ्या कार्डावर, म्हणजे चुका टिपायच्या कागदावर, सहसा येत नाहीत.

मुलाला सगळी गेटं पाठ करायला सांगू नका. पहिली तीन आणि शेवटची तीन पाठ हवीत. मधल्या कोर्समध्ये चार गोष्टी शोधायच्या. जिथे उतार अचानक तुटतो आणि पुढचं गेट दिसत नाही, ती पहिली. तिथे दूरची एखादी ठाम खूण धरायची: लिफ्टचा खांब, बर्फ फवारणारी तोफ, एखादं झाड. ‘कड्यावर पोचलो की तिसऱ्या खांबाकडे तोंड’, असं स्वतःशी ठरवायचं. दुसरी गोष्ट हेअरपिन, म्हणजे उताराच्या दिशेने एकाखाली एक लावलेली दोन गेटं. तीन किंवा जास्त असली तर तो फ्लश. इथे आत कुठून शिरायचं हे आधी माहीत नसेल तर पोर हमखास चुकीच्या बाजूने जातं. तिसरी डिले: एका बाजूला वळण लांबवून मग उलटं फिरायचं. चौथी, जिथे बर्फ निळसर चकाकतो ती जागा. तिथे पायावर जोर हळूच द्यायचा.

मग हे लक्षात कसं ठेवायचं? माझी लेक रविवारी तबल्याच्या क्लासला जाते, तिथून आम्हाला युक्ती सापडली. एकसारखी गेटं म्हणजे ‘धा धिन् धिन् धा’. फ्लश आला की ‘तिरकिट तिरकिट’. डिलेला ‘धाऽऽ’ लांबवायचा. खाली पोचल्यावर डोळे मिटून, तळहात स्कीसारखा वळवत, पूर्ण कोर्स तोंडाने म्हणायचा. घड्याळ लावा. आमच्या टेकडीवर स्लॅलमची एक रन तीसेक सेकंदांची होते. डोळे मिटून बारा सेकंदांत संपली तर मधली गेटं डोक्यातून गळलेली आहेत. लिफ्टमध्ये पुन्हा म्हणायचा. टीव्हीवर मोठ्या स्पर्धांच्या स्टार्टलाही हे दिसतं, डोळे मिटून हात हलवणारे स्कीअर.

तुम्ही स्वतः इन्स्पेक्शनला बरोबर जाऊ नका. तिथे कोच असतो. दोन माणसांनी दोन लाइन सांगितल्या की पोर तिसऱ्याच लाइनने जातं.

स्टार्ट

जीएसला दहा सेकंद आधी सूचना मिळते, मग ‘फाइव्ह, फोर, थ्री, टू, वन, गो’. पाच सेकंद आधीपासून पाच सेकंद नंतरपर्यंत केव्हाही निघालं तरी चालतं. स्लॅलमला ‘रेडी’ आणि ‘गो’. घड्याळ सुरू होतं ते नडगीपुढची कांडी पायाने ढकलली गेली की. म्हणून आधी पोल कांडीच्या पुढे रोवायचे, अंग पुढे फेकायचं आणि पाय सगळ्यात शेवटी कांडीला लागू द्यायचे. हे दिवाणखान्यात शिकता येतं: दोन खुर्च्यांच्या कडांवर झाडूची काठी हलकी टेकवा. छाती पुढे गेल्यावर काठी पडली तर जमलं. काठी आधी पडली तर पुन्हा.

पोटात गोळा येणारच. ‘घाबरू नकोस’ म्हणून कुणाची भीती गेलेली मी पाहिली नाही. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिम्पिकमध्ये स्लॅलमच्या आधी अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनला उलटी झाली होती, आणि ती तेव्हा त्या प्रकारातली आदली ऑलिम्पिक विजेती होती. हे लेकीला सांगितल्यावर तिने विचारलं, “हेल्मेटमध्ये?” आणि हसली. तेवढं पुरलं. स्टार्टला मुलाला करायला एक ठरलेला क्रम द्या: बकल घट्ट, गॉगल खाली, बुटाखालचा बर्फ झटकायचा, दोन लांब श्वास, पहिली तीन गेटं. दर वेळी तोच क्रम, त्याच वेळी.

मध्येच बिघडलं तर

हे नियम माहीत नसल्याने फुकट गेलेल्या रेस मी दर हंगामाला बघते, म्हणून नीट सांगते.

दोन्ही स्कीजची टोकं आणि दोन्ही पाय गेटच्या रेषेपलीकडे जायला हवेत. एक स्की दांड्याच्या आतून आणि एक बाहेरून गेली तर त्याला स्ट्रॅडल म्हणतात, आणि ते बाद. स्लॅलममध्ये गेट हुकलं तर मागच्या स्पर्धकाला अडथळा होत नसेल आणि त्याने गाठलं नसेल, तोवर चढून परत येऊन ते गेट पुरं करता येतं. जीएसमध्ये पूर्ण थांबलात की रन संपली; कोर्समधून बाजूला व्हायचं.

समोर कुणी पडलेलं असेल किंवा गेटच जागेवर नसेल, तर ताबडतोब थांबायचं, बाजूला व्हायचं आणि जवळच्या गेट जजला सांगून पुन्हा रन मागायची. तसंच पुढे दामटत शेवटपर्यंत गेलं की तो हक्क गेला. मुलं लाजून जातच राहतात. ‘थांबलास तर कुणी रागावणार नाही’, हे आधी, घरी सांगून ठेवावं लागतं.

आम्ही जज कार्डावर बिब नंबर, गेट नंबर आणि स्की कुठून गेली त्याचं छोटं चित्र काढतो. बाद झालेल्यांची यादी लागल्यावर हरकत घ्यायला साधारण पंधरा मिनिटं असतात आणि ती कोचने घ्यायची. कुणाचे बाबा माझ्याकडे मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन आले की मी त्यांना कोचकडे पाठवते.

दोन रनच्या मध्ये

बुटांचे बकल सैल, जाकीट अंगात, थोडं खाणं, आणि निकालाच्या यादीपासून लांब. दुसरी रन बहुतेकदा नव्याने लावलेल्या कोर्सवर असते, म्हणजे इन्स्पेक्शन पुन्हा आणि सुरुवातीचा क्रमही बदलतो. तो वाचून वेळेचं गणित मुलाने पुन्हा मांडायचं. पहिल्या कोर्सची लय डोक्यात घोळत असते, ती पुसायला नवीन बोल मोठ्याने म्हणावेच लागतात.

मार्चमधल्या रेसला दुपारी कोर्सवर मीठ फवारताना दिसेल. बर्फ वितळवायला नव्हे, घट्ट करायला. मिठाने थोडा बर्फ वितळतो, त्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूच्या ओल्या बर्फातून ओढली जाते आणि तो गोठून टणक होतो. सुट्टीत लाकडी पॉटला खडे मीठ घालून आइस्क्रीम फिरवलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. मुलाला एवढंच सांगा की सकाळचा आणि दुपारचा बर्फ एक नाही, पायाने पुन्हा तपासून घे.

खाली आल्यावर

पोर बाद होऊन आलं तर पहिली दहा मिनिटं तोंड मिटून थर्मास उघडायचा. बोलायचंच असेल तर बीजिंगची गोष्ट आहे. २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताकडून एकटा गेलेला काश्मीरचा आरिफ खान जीएसमध्ये ४५वा आला आणि स्लॅलमची पहिली रन पुरी करू शकला नाही. त्याच ऑलिम्पिकमध्ये त्याच दोन प्रकारांत शिफ्रिन पहिल्याच रनमध्ये काही सेकंदांत बाहेर गेली होती.

घरी पोचल्यावर कितीही दमलेलं असलं तरी दोन कामं मुलाचीच: स्कीजच्या कडा कोरड्या फडक्याने पुसायच्या, नाहीतर सकाळी तांबूस गंज, आणि बुटांचे आतले अस्तर सुकायला बाहेर काढायचे. आणि बिब क्लबला परत द्यायचा असतो. आमचा ४३ नंबर एकदा सूटबरोबर वॉशिंग मशिनमधून निघाला होता. त्याचे पैसे लेकीने स्वतःच्या गल्ल्यातून भरले.